नागरी हक्कांची चळवळ चर्चमधून निघाली, की चर्चला ओढत न्यावी लागली?

पारंबी

परवा आमच्या वाचनगटात काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंगचा विषय निघाला. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "अमेरिकेतला तो लढा म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन, शत्रूवरही प्रेम करा सांगणारं, रस्त्यावर उतरलं, दुसरं काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी काही डोलली नाही. तेवढ्यात चहा आला आणि बोलायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहितेय.

काळ्यांना वेगळं ठेवणारेही बायबलच वाचत होते, आणि मन लावून वाचत होते. एकच वचन घ्या. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७, वचन २६. देवानं एकाच रक्तापासून सगळी राष्ट्रं केली, हा पूर्वार्ध. त्यांच्या वस्तीच्या सीमा त्यानं ठरवून दिल्या, हा उत्तरार्ध. गुलामगिरीविरुद्ध बोलणारे पूर्वार्धावर थांबायचे. १९६० च्या ईस्टरला बॉब जोन्स नावाच्या बड्या प्रवचनकारानं रेडिओवरून उत्तरार्ध पकडला आणि वंश वेगळे ठेवणं ही देवाचीच योजना असल्याचं ठणकावून सांगितलं. व्हर्जिनियात लव्हिंग नावाच्या काळ्या-गोऱ्या जोडप्याचं लग्न बेकायदा ठरवणाऱ्या न्यायाधीशानं १९६५ मध्ये तेच लिहिलं: देवानं वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे त्यांची सरमिसळ त्याला नको होती. हे निकालपत्रात बरं का, कीर्तनात नाही.

दक्षिणेतले बाप्टिस्ट पंथाचे लोक १८४५ मध्ये उत्तरेतल्यांपासून फुटले ते कशावरून? गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही, यावरून. माफी मागायला १९९५ उजाडलं. किंगनं एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला सुरुवात केली ते प्रसिद्ध पत्र कोणाला होतं? आठ गोऱ्या धर्मगुरूंना. एक ज्यू रब्बी सोडला तर सगळे ख्रिस्ती. त्यांचं म्हणणं, मोर्चे आत्ताच कशाला, कोर्टात जा की.

तेव्हा प्रेरणा त्या पुस्तकातून आली, की वाचणाऱ्याच्या पाठीवरच्या वळांतून? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. श्रेय ख्रिस्ती धर्माच्या खात्यावर जमा करणं मला पटत नाही.

तिखटमीठ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर होणार हे नक्की.

वसईचा

पारंबीताई, मी कॅथलिक, त्यामुळे माझी बाजू कुठली ते आधीच सांगून टाकतो.

तुम्ही एका वचनाचे दोन तुकडे दाखवलेत. आता मी एक फाटलेलं पुस्तक दाखवतो. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं गेलं. त्यात दहा आज्ञा आहेत, योसेफाची गोष्ट आहे, पण मोशे इस्राएल लोकांना मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सोडवून नेतो तो भागच गायब. पुस्तक दोन्ही बाजूंनी सारखंच वाचता येत असतं, तर कात्री लावायचं कारण काय होतं? मालकाला त्या पानांची धास्ती होती. आणि गुलामांना ती गोष्ट तरीही ठाऊक झाली, गाण्यांतून. अक्षर वाचायला बंदी होती, गळ्याला नव्हती.

दुसरं, तुमचंच वचन. मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर. शिक्षण जेमतेम, जन्म कापसाच्या शेतात गेलेला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, त्याच दिवशी अठरा वर्षं राबलेल्या मळ्यातून मालकानं हाकललं. पुढच्या वर्षी जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की अंग टणक होऊन काळंनिळं पडलं. त्या कोठडीत त्यांच्याशी जरा माणुसकीनं वागली ती जेलरची बायको. प्यायला गार पाणी दिलं, आणि म्हणाली, मी ख्रिस्ती माणसासारखं जगायचा प्रयत्न करते. हेमरबाईंनी तिला सांगितलं, घरी जाऊन बायबल उघड आणि प्रेषितांची कृत्ये १७:२६ वाच.

बघा, तेच वचन! मार खाल्लेल्या बाईला कोठडीत ते तोंडपाठ होतं. बॉब जोन्सनी काय अर्थ लावला याची तिला फिकीर नव्हती. वळ होतेच हो पाठीवर. पण वळ तर जगभरच्या गुलामांच्या पाठीवर होते. त्या वळांना "हे चूक आहे आणि देवही आपल्या बाजूनं आहे" असं म्हणायला शब्द कुठून मिळाले, ते सांगा.

आणि किंगचं स्वयंपाकघर विसरू नका. २७ जानेवारी १९५६, मध्यरात्र. बसमध्ये काळ्यांना वेगळं बसवत म्हणून सुरू झालेल्या माँटगोमेरीतल्या बसबहिष्काराला दोन महिने होत आले होते. धमकीचा फोन येतो. झोप उडते. हा सत्तावीस वर्षांचा माणूस उठून कॉफी ठेवतो, टेबलाशी बसतो आणि आपली हिंमत संपली असं मोठ्यानं कबूल करतो. तिथे त्याला आतून आवाज आला, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तीनच दिवसांनी घराच्या ओसरीवर बॉम्ब पडला. बायको आणि तान्ही मुलगी आत होती, थोडक्यात वाचली. बाहेर चिडलेली माणसं जमली, काहींच्या हातात हत्यारं. किंगनं ओसरीवरूनच त्यांना परत पाठवलं. हे कोणत्या पुस्तकातून आलं?

खडूस

वसईकर, गोष्ट छान रंगवलीत, पण बॉम्ब पडल्यानंतरची अर्धी गिळलीत.

त्यानंतर किंगनं बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. घरात हत्यारं होती, पहारेकरी होते. फेब्रुवारीत बायर्ड रस्टिन मदतीला आला, तेव्हा त्याच्यासोबतचा पत्रकार किंगच्या दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसायला गेला आणि रस्टिन ओरडला, थांब, तिथे पिस्तूल आहे! डोंगरावरचं प्रवचन किंगला पाळण्यातच ऐकू आलं असणार. बाप पाद्री, आईचे वडील पाद्री. तरी खुर्चीत पिस्तूल. अहिंसा ही चालवायची पद्धत आहे, तिची शिस्त लागते, हे त्याला बाहेरून आलेल्या माणसानं शिकवलं. आणि तो रस्टिन कोण? तरुणपणी कम्युनिस्ट, समलिंगी म्हणून चळवळीतल्याच पाद्र्यांना अडचणीचा वाटणारा. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा उभा केला तो ह्यानंच. त्याचा वरिष्ठ फिलिप रँडॉल्फ रेल्वेतल्या हमालांची युनियन चालवणारा समाजवादी, चर्चच्या भाविकतेपासून कोसभर लांब.

आता जरा रोकडं बोलू. चर्च का पुढे होतं? शिकवणुकीमुळे नाही, पगारामुळे. काळा शिक्षक बोलला तर गोरं शाळामंडळ काढून टाकणार. मोलकरीण बोलली तर मालकीण. कुळ बोललं तर जमीन गेली, हेमरबाईंचं तुम्हीच सांगितलंत. पाद्र्याचा पगार मात्र रविवारच्या थाळीतून, काळ्यांच्या खिशातून. त्याला नोकरीवरून काढू शकणारा गोरा मालकच नाही. असेच दोन-तीन धंदे आणखी होते, न्हावी आणि अंत्यविधीवाले, आणि चळवळीत तेही सापडतात. त्यांच्या शिकवणुकीवर कोणी धागा काढत नाही.

शिवाय शंभर-हजार माणसं मावतील अशी स्वतःच्या मालकीची इमारत काळ्यांकडे दुसरी होती कुठे? बहिष्काराच्या गाड्या चर्चच्या नावावर घेतल्या, लोक त्यांना "चाकांवरची चर्चं" म्हणत. तिथल्या विमावाल्यांनी हात वर केले तेव्हा त्यांचा विमा लंडनच्या लॉइड्सनं उतरवला. म्हणून काय लॉइड्सनंही प्रेरणा दिली म्हणायचं?

आणि सुरुवात कोणी केली? बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडली नाही म्हणून रोझा पार्क्सना १ डिसेंबर १९५५ ला संध्याकाळी अटक झाली. त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजातल्या चक्रमुद्रण यंत्रावर गुपचूप हजारो पत्रकं काढली. पहाटेपर्यंत गठ्ठे बांधून तयार, तेव्हा गावातले पाद्री घोरत होते. सकाळी ई. डी. निक्सन या युनियनवाल्यानं त्यांना फोन करून उठवलं. किंग म्हणाला, विचार करून सांगतो. पुढच्या बैठकीत पाद्री नावं गुप्त ठेवायची भाषा करू लागले, तेव्हा निक्सननं त्यांना झोडपलं: ह्या बायका आयुष्यभर तुम्हाला पोसतायत आणि तुम्ही भेदरट पोरांसारखे लपताय!

शेवटी बस मोकळ्या झाल्या त्या सुप्रीम कोर्टामुळे, चार बायकांनी लावलेल्या दाव्यावर. त्यातली क्लॉडेट कॉल्व्हिन अटकेच्या वेळी पंधरा वर्षांची होती, पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी.

अस्मानी

खडूसशी सहमत. वाचनखूण साठवली आहे.

नागपुरी संत्रं

आमच्या नागपूरचा यात वाटा आहे आणि कोणी नाव काढत नाही म्हणून लिहितो.

जेम्स लॉसन. मेथडिस्ट पंथाचा ख्रिस्ती. कोरियाच्या युद्धात लढणार नाही म्हणून तुरुंगात गेलेला. सुटल्यावर चर्चनं त्याला मिशनरी म्हणून नागपूरला हिस्लॉप कॉलेजात पाठवलं, साल १९५३. पोरांना खेळ शिकवायचा आणि उरलेल्या वेळात गांधींना ओळखणाऱ्या माणसांना गाठून गांधी समजून घ्यायचे. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यानं नागपुरातच पेपरात वाचली. १९५६ ला परत गेला, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला ओबर्लिनला किंगशी गाठ पडली. किंग म्हणाला, थांबू नकोस, दक्षिणेत ये.

तो नॅशव्हिलला गेला. तिथे चर्चच्या तळघरात त्यानं कॉलेजच्या पोरापोरींचे वर्ग घेतले. वर्ग म्हणजे काय, तर खुर्च्या ओळीनं मांडायच्या, समजायचं की हा काळ्यांना बसू न देणाऱ्या उपाहारगृहाचा काउंटर. अर्ध्यांनी बसायचं, उरलेल्यांनी मागून येऊन शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ढकलून द्यायचं. पडलेल्यानं उठून पुन्हा बसायचं. मग पाळी बदलायची. फेब्रुवारी १९६० मध्ये ही पोरं खऱ्या काउंटरवर जाऊन बसली, मे महिन्यात नॅशव्हिलच्या दुकानांनी काउंटर खुले केले. तोवर लॉसनला विद्यापीठानं काढून टाकलं होतं, पाद्र्यांचं शिक्षण देणाऱ्या विभागातूनच. पोरांच्या हातात नियमांचा एक कागद असायचा: उलटून मारू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. शेवटच्या ओळीत तीन नावं, येशू, गांधी आणि किंग.

आता खडूसराव, हे तुम्ही कुठल्या खात्यात टाकणार? पाठवलं चर्चनं, शिकला गांधींकडून, वर्ग चर्चच्या तळघरात, हाकललं ख्रिस्ती शिक्षणाच्या विभागानं. माझा तर हिशोबच लागत नाही.

अवांतर: लॉसन नागपूर सोडून गेला त्याच साली, १४ ऑक्टोबरला, ह्याच नागपुरात बाबासाहेबांनी धर्म सोडला. बसबहिष्कार तेव्हा चालूच होता. धर्मग्रंथातून बळ घेता येतं असं तिकडे वाटत होतं, इकडे बाबासाहेबांना वीस वर्षं तपासून तसं वाटलं नाही.

तिखटमीठ

अवांतरावर वेगळा धागा काढा राव, तो ह्याहून मोठा होईल.

वसईचा

गांधी कशाला वेगळे काढता? डोंगरावरचं प्रवचन थेट काळजाला भिडलं असं त्यांनीच लिहिलंय. आणि रस्टिन हा क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, घरात वाढलेला. त्याच्या पाठोपाठ माँटगोमेरीत आलेला ग्लेन स्मायली मेथडिस्ट पाद्री. खडूस, तुमचा "बाहेरून आलेला माणूस" शोधायला गेलं की आत चर्चच निघतंय.

खडूस

म्हणजे माल निर्यात होऊन, इथे रंधा मारून, परत आयात झाला! मग जकात कोणाला द्यायची ते तुम्हीच ठरवा.

गंमत सोडा. तुम्ही जे दाखवताय ते सगळे अपवाद आहेत. युद्धाला नकार देणारा मेथडिस्ट, क्वेकर, हे ख्रिस्ती जगातले मूठभर. शिकवण सगळ्यांना सारखी होती ना? मग दहातला एकच का पेटतो? जे पेटवतं ते दुसरं काहीतरी असलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले काळे सैनिक, उत्तरेत गेलेल्यांची मतं, शाळांत वंश वेगळे ठेवणं बेकायदा ठरवणारा १९५४ चा निकाल, रशियासमोर अमेरिकेची होणारी शोभा. हे सगळं जमून आलं तेव्हाच बायबल "कामाला आलं". तेच बायबल १९०० सालीही होतं.

पारंबी

वसईचा, हेमरबाईंचा हा प्रसंग मला माहीत नव्हता. वाचल्यावर थोडा वेळ काही लिहावंसंच वाटेना. माझा मुद्दा तिथे डळमळला, हे कबूल.

पण पूर्ण नाही. हेमरबाईंनी वचन कोणाला सांगितलं? ख्रिस्ती जेलरच्या ख्रिस्ती बायकोला. तिच्या घरात पुस्तक होतं. तिला सांगावं लागलं, हे वाच म्हणून. मला खुपतंय ते एवढंच.

खडूस, तुमचं "जमून आलं" मात्र मला फार सोयीस्कर वाटतं. जमून आलं तरी काउंटरवर बसून तोंडावर धूर घेणारं पोरगं लागतंच. महायुद्ध आणि रशिया सांगून ते पोरगं तिथे का बसून राहिलं, हे कळत नाही. बर्मिंगहॅमला १९६३ मध्ये स्वयंसेवकांकडून दहा नियमांच्या कार्डावर सही घेत. पहिला नियम: रोज येशूच्या जीवनाचं आणि शिकवणुकीचं चिंतन करा. नुसत्या पगाराच्या हिशोबात हा नियम पहिला का, ते बसत नाही.

अटलांटाकर

मी इथे बरीच वर्षं आहे. पाहुणे आले की त्यांना ऑबर्न ॲव्हेन्यूवरच्या जुन्या एबेनेझर चर्चमध्ये नेतो, किंग आणि त्याचे वडील जिथे प्रवचन देत ते. आत किंगच्या आवाजातल्या प्रवचनांचं ध्वनिमुद्रण लावलेलं असतं. लाकडी बाकावर बसून ऐकायचं. समोर माणूस नाही, नुसता आवाज. माझी सासू, इंग्रजी जेमतेम, शेवटी डोळे पुसत म्हणाली, "हा तर कीर्तनकार आहे रे." बरोबर ओळखलं तिनं. तो वाक्य टाकतो, लोक "होऽऽ" देतात, तो तेच वाक्य एक पायरी वर नेतो. वॉशिंग्टनच्या भाषणात न्याय पाण्यासारखा लोटू दे म्हणतो ते बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याचं, श्रोत्यांना आधीच पाठ असलेलं. खडूस, इमारत आणि पगार तुम्ही बरोबर मोजलात, पण लोक सोमवारी-गुरुवारी दिवसभर पायपीट करून संध्याकाळी पुन्हा सभेला यायचे ते इमारत बघायला नव्हे. ३८१ दिवस चालली ती माणसं. "पाय दमलेत पण जीव विसावलाय," असं म्हणणाऱ्या म्हातारीची आठवण किंगनं लिहून ठेवली आहे.

आता पारंबीताईंच्या बाजूनं एक. इथे सगळे "गोरं चर्च विरुद्ध काळं चर्च" असं धरून चाललेत. तसं नव्हतं. काळ्या बाप्टिस्टांच्या सगळ्यांत मोठ्या संघटनेचा अध्यक्ष जोसेफ जॅक्सन हा किंगच्या आंदोलनांच्या ठाम विरोधात होता. त्यावरून १९६१ मध्ये संघटना फुटली, किंगच्या बाजूचे लोक बाहेर पडले. जॅक्सनही काळाच, बायबलही तेच, आणि पगारही थाळीतूनच, खडूसराव! तेव्हा तुमचाही हिशोब इथे अडतो.

हा जॅक्सन शिकागोच्या ऑलिव्हेट बाप्टिस्ट चर्चचा पाद्री. किंगच्या खुनानंतर १९६८ मध्ये चर्चसमोरच्या रस्त्याला किंगचं नाव दिलं गेलं. जॅक्सननं काय करावं? चर्चचा पत्ताच बदलला. बाजूच्या एकतिसाव्या रस्त्यावरचं दार मुख्य धरलं, म्हणजे पत्रावर किंगचं नाव लिहायला नको.

खडूस

हे भारी आहे. पत्ता बदलणारा पाद्री! बरं, जॅक्सनचा मुद्दा मान्य. पगारानं सगळं उलगडत नाही. पण तुमच्या कीर्तनानंही नाही, तो माणूससुद्धा कीर्तनकारच होता ना.

वसईचा

दारावरून आठवलं. लिहू की नको करत होतो.

आजी सांगायची, तिच्या माहेरच्या गावातल्या चर्चमध्ये डावीकडचे मागचे दोन बाक ठरलेल्या लोकांचे. कोणी पाटी लावलेली नव्हती. सगळे ख्रिस्ती, सगळ्यांचा बाप्तिस्मा एकाच पाण्यातला, पण पूर्वीच्या जाती कोणी विसरलं नव्हतं. मी लहानपणी सुट्टीत तिकडे गेलो की उशीर झाल्यावर मागेच बसायचो, रिकामे असायचे म्हणून. एकदा आजीनं दंड धरून उठवलं आणि उभं ठेवलं, पण तिथे बसू दिलं नाही. ह्याच बाईला प्रेमाचा अध्याय तोंडपाठ होता, पौलाचा, अख्खा. माझ्यावर तिचा फार जीव होता.

पारंबीताई, जेलरच्या बायकोचं तुम्ही म्हणालात, ते मला लागलं ते ह्यामुळे. मी माझं मत बदललेलं नाही, हेमरबाईंना ते बळ तिथूनच मिळालं असं मला अजूनही वाटतं. पण आजीही तेच पुस्तक वाचायची.

पारंबी

हे वाचनगटात सांगितलं तर चालेल? बुधवारी आहे, ते गृहस्थ असणार.

वसईचा

सांगा. गावाचं नाव विचारलं तर मात्र माहीत नाही म्हणा.